वकील फाईल देत नाही, एनओसी देत नाही, भाऊ आत आहे. काय करू?

माळरान_७७

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथे लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर बांधावरून आमची न् चुलत्यांची भांडणं झाली. बांध कोरायचा प्रकार चार वर्षं चालूच होता पण त्या दिवशी शब्दाने शब्द वाढला आणि माझ्या धाकट्या भावाच्या हातातलं खोरं चुलतभावाच्या डोक्यात बसलं. तो आता बरा आहे, घरी आहे, पण डोक्याचा मार म्हणून पोलिसांनी १०९ लावलं (खुनाचा प्रयत्न, जुनं तीनशेसात) आणि सोबत ११८ चं दोन (हत्याराने गंभीर दुखापत). भावाला ११ जूनला रात्री उचललं, १२ ला कोर्टात नेलं, आधी चार दिवस पीसीआर (पोलीस कोठडी), मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), तेव्हापासून तो जिल्हा जेलमध्ये आहे.

मी पुण्यात कंपनीत कामाला, गावाकडे आई एकटी. गडबडीत मामाच्या ओळखीचा एक वकील लावला. त्याने ६० हजार सांगितले, ३५ दिले. सेशन कोर्टात जामिनाचा अर्ज टाकला म्हणतो, पण दर तारखेला एकच उत्तर, पोलिसांचा से (लेखी म्हणणं) आला नाही. मागच्या दोन तारखांना तर तो स्वतःच नव्हता, ज्युनिअरने येऊन तारीख घेतली. फोन उचलत नाही. शेवटी मी म्हटलं साहेब आम्ही दुसरा वकील बघतो, तर म्हणतो राहिलेले २५ आणून द्या मग एनओसी (दुसरा वकील लावायला ना हरकत) देतो आणि कागद पण मगच. नवीन वकिलाकडे गेलो तर ते म्हणाले एनओसीशिवाय मी हात लावत नाही, बारमध्ये तोंड दाखवायचं असतं.

दुसरी भीती वेगळीच आहे. भावाने त्या वकिलाला सगळं खरंखरं सांगितलंय, कुणी आधी मारलं, खोरं कुठं टाकलं, सगळं. आणि तो वकील आणि समोरच्यांचा वकील एकाच टेबलावर चहा पितात. आता आम्ही त्याला सोडलं आणि त्याने तिकडं जाऊन सगळं ओकलं तर? आज २ सप्टेंबर, पुढची तारीख १७ ची आहे. आईला गणपतीत पण घरी दिवा लावावासा वाटला नाही. कुणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

नक्कल_अर्ज

भाऊ, काळजी करू नका, आमच्या ओळखीत एकाला नवीन कायद्यात एक तृतीयांश शिक्षेएवढं आत काढलं म्हणून सोडलं. पहिलाच गुन्हा असेल तर तुमच्या भावाला पण लागू होईल, नागरिक सुरक्षा संहितेचं (जुनं सीआरपीसी) कलम ४७९ बघा.

अ‍ॅड_काळाकोट

नक्कल_अर्ज, ते इथं चालत नाही. ४७९ मध्ये सरळ लिहिलंय की ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते तो यातून बाहेर. १०९ मध्ये जखम झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत जातं, आणि ११८ च्या दोनमध्येसुद्धा जन्मठेपेचा उल्लेख आहे. चांगल्या मनाने सांगितलंत हे मान्य, पण लोक असं वाचून सहा महिने वाट बघत बसतात.

माळरान, तुम्ही १७ तारखेची वाट बघू नका. हेच आधी वाचा, एनओसीचं नंतर. पहिला रिमांड, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडीत पाठवलं ते, १२ जूनला. तो दिवस धरून मोजायचं, हा घोळ २०२३ साली सुप्रीम कोर्टाने मिटवलाय, रिमांडचा दिवस मोजणीत येतो. जूनचे १९, जुलैचे ३१ म्हणजे ५०, ऑगस्टचे ३१ म्हणजे ८१, आणि ९ सप्टेंबरला ९० पूर्ण. तोपर्यंत पोलिसांनी दोषारोपपत्र (चार्जशीट) टाकलं नाही तर १० सप्टेंबरला कोर्ट उघडल्या उघडल्या अर्ज गेला पाहिजे. याला डिफॉल्ट बेल म्हणतात, त्याच संहितेतलं कलम १८७ चं तीन, जुन्या कायद्यातलं १६७ चं दोन. यात कोर्ट केस किती गंभीर आहे हे बघत नाही, मारलं की नाही मारलं हे पण बघत नाही. फक्त तीन गोष्टी, दिवस भरले का, चार्जशीट आलं का, आणि आरोपी जामीन द्यायला तयार आहे का.

पण एक मेख आहे. अर्ज करावा लागतो. नव्वद दिवस झाले म्हणून जेलचं दार आपोआप उघडत नाही. तुम्ही १७ ची वाट बघितली आणि पोलिसांनी १२ ला चार्जशीट टाकलं तर हक्क गेला, कारण तुम्ही मागितलाच नाही. उलट तुमचा अर्ज १० ला सकाळी दाखल झाला आणि पोलिस दुपारी चार्जशीट घेऊन धावत आले तर त्याचा उपयोग नाही, अर्ज आधी आलाय एवढं पुरतं. म्हणून अर्जावर तारखेसोबत वेळ घालून घ्या. मी स्वतः एकदा शिरस्तेदारांकडून ११.०५ अशी वेळ लिहून घेतलीय, ते वैतागले होते पण लिहून दिली.

एनओसीबद्दल रात्री लिहितो, आत्ता कोर्टात आहे.

माळरान_७७

सर हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. मला वाटलं नव्वद दिवसांनी चार्जशीट येतं एवढंच. वकील तर म्हणाला चार्जशीट आल्यावर जामीन सोपा होतो, थांबा.

अ‍ॅड_काळाकोट

थांबा हा सल्ला कधी कधी बरोबर पण असतो. जखमी हॉस्पिटलमध्ये असताना सेशनला जामीन मागितला तर फेटाळला जातो हे खरंय, त्यामुळे त्या वकिलाला लगेच चोर ठरवू नका. पण नव्वदावा दिवस माहीत असून गप्प बसणं हे मात्र समर्थन करण्यासारखं नाही.

आता एनओसी. ही चाल आहे, कायदा नाही. बारमधली एकमेकांची शिष्टाई, की आधीच्या वकिलाचे पैसे बुडवून पक्षकार उड्या मारू नये. बार कौन्सिलच्या नियमात पण आहे की आधीच्या वकिलाची संमती घ्यावी, पण ती मिळाली नाही तर कोर्टाची परवानगी मागायची, तिथे पुढची वाट बंद होत नाही. अर्जात चार ओळी लिहायच्या, की आरोपी कोठडीत आहे, आधीचे वकील हजर राहत नाहीत, संमती देत नाहीत. मी तरी आजवर कुठल्या न्यायाधीशाने कोठडीतल्या आरोपीला तुझा जुना वकील सही देत नाही म्हणून तू बिनवकिलाचा राहा असं म्हटलेलं पाहिलं नाही.

कागदांचं तर आणखी स्पष्ट आहे. २००० साली सुप्रीम कोर्टात आर. डी. सक्सेना म्हणून एका वकिलाचं प्रकरण गेलं होतं. मध्य प्रदेशातल्या राज्य सहकारी बँकेचे ते वकील, बँकेने काम काढून घेतलं, यांनी सुमारे ९७ हजार फी बाकी आहे म्हणून फायली अडकवल्या. कोर्ट म्हणालं, फी बाकी असेल तर दावा लाव, वसुली कर, पण पक्षकाराचे कागद म्हणजे गहाण ठेवलेलं सोनं नाही. ही माझी भाषा आहे, निकालाची नाही. फाईल अडवणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरलं. बार कौन्सिलने त्यांना १८ महिने वकिली बंद केली होती, सुप्रीम कोर्टाने ती कमी करून समज दिली, कारण तोवर या मुद्द्यावर पक्का निकाल नव्हता. आता आहे.

मुन्शी_तात्या

सगळे वकिलालाच झोडताय म्हणून दोन शब्द. मी ३१ वर्षं वकिलांकडे कारकुनी केली. पक्षकार जामीन होईपर्यंत साहेब साहेब करतो, जामीन झाला की फोन बंद. आमच्या साहेबांच्या कपाटात अशा बुडीत फीच्या फायली एका रांगेत लावलेल्या होत्या, ते त्याला गमतीने फिक्स्ड डिपॉझिट म्हणायचे. गावाकडचा फौजदारी वकील म्हणजे काय मुंबईच्या हायकोर्टातला मोठा माणूस नव्हे, त्याच्याकडे पण दोन ज्युनिअर, ऑफिसचं भाडं, मुलीची फी. एनओसी ही एकच गोष्ट त्याच्या हातात असते. ती पण काढून घेतली तर त्याने खायचं काय?

बाकी नव्वद दिवसांचं काळाकोट साहेबांनी अगदी बरोबर सांगितलं. तेवढं चुकवू नका. आणि कागदासाठी वकिलाच्या पाया पडायची गरजच काय, नक्कल काढा की. एफआयआरची प्रत, रिमांडचे कागद, सेशनचा जामीन अर्ज, सगळ्याची नक्कल मिळते. अर्जंटचा शिक्का मारला की लवकर मिळते. केसचा सीएनआर नंबर १६ अंकी-अक्षरी असतो, तो ईकोर्ट्स ॲपवर टाका, कोणत्या तारखेला काय झालं, कोण हजर होतं, बऱ्यापैकी कळतं. पुण्यात बसून बघता येईल.

माळरान_७७

तात्या, तुमचं पटतंय, २५ हजार बुडवायचे नाहीत मला. काम केलं असतं तर आनंदाने दिले असते. ॲपवर बघितलं, गेल्या तीन तारखा नुसतं से साठी असंच आहे.

घाटावरची

आणि मग नवीन वकिलाला कुठून देणार? सरळ विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. माझ्या दीराच्या वेळी आम्हाला वाटायचं फुकट वकील म्हणजे दारिद्र्यरेषेचं कार्ड हवं, आपण कुठे बसणार. पण कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अटच नाही. १९८७ च्या कायद्याचं कलम १२, त्यात बाया, मुलं, अनुसूचित जाती जमाती आणि कोठडीतली माणसं, यांना पगार किती हे विचारत नाहीत. जिल्हा कोर्टाच्या आवारात लोकअभिरक्षक कार्यालय म्हणून पाटी असते बहुतेक ठिकाणी, तिथले वकील पगारी आहेत, फक्त आरोपींच्याच केसेस चालवतात. सरकारी वकील जसा सरकारचा तसा हा आरोपीचा. जेलमध्ये पण विधी सेवेचे वकील भेटीला येतात, भावाने फक्त जेलरला सांगायचं मला लीगल एडचा वकील पाहिजे. फोन नंबर १५१०० आहे, तो फिरवला तरी चालेल.

आणि हो, आमचा जो मिळाला होता तो पोरगा २८ वर्षांचा असेल, मला वाटलं हा काय करणार. फाईल पाठ होती त्याची. नशिबाचा भाग असतो हे पण खरं, सगळे तसे नसतात.

सडेतोड_सांगलीकर

एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. डोक्यात खोरं घातलं हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. मग सुटायच्या पळवाटा कशाला शोधताय? आमच्या टॅक्सच्या पैशातून वकील पण द्यायचा? चुलतभाऊ मेला असता तर?

अ‍ॅड_काळाकोट

सडेतोड, मेला असता तर कलम बदललं असतं, वकील मिळायचा हक्क बदलला नसता. आणि जामीन म्हणजे सुटका नाही, खटला चालायचाच आहे. नव्वद दिवसांची अट पोलिसांवर आहे. तपास पूर्ण न करता माणूस किती दिवस आत ठेवायचा याला काहीतरी कुंपण हवं की नको? ते नसेल तर उद्या तुमच्यावर कुणी खोटी फिर्याद दिली की तुम्ही पण बसा आत, तपास चालू आहे.

टॅक्सच्या पैशाचं म्हणाल तर कसाबचं उदाहरण बघा. त्याचं वकीलपत्र घ्यायला मुंबईत कुणी पुढे येईना, घेणाऱ्यांवर काय काय वेळ आली सगळ्यांनी पाहिलंय. तरी सरकारी खर्चाने वकील दिला, अपील सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २९ ऑगस्ट २०१२ ला फाशी कायम झाली. पण त्याच निकालात कोर्टाने देशभरातल्या मॅजिस्ट्रेटना सांगून ठेवलंय की आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर सरकार वकील देईल हे त्याला सांगितलंच पाहिजे, नाही सांगितलं तर मॅजिस्ट्रेटवरच खात्याची कारवाई होऊ शकते. म्हणजे ज्याचा आपल्याला सगळ्यात जास्त राग होता त्याच्या केसमधून हा नियम पक्का झाला, आणि तो माळरानच्या भावाच्या कामी येतोय. आणि आम्ही अमुक आरोपीची केस घेणार नाही असे ठराव बार असोसिएशन करतात ना, ते सुप्रीम कोर्टाने त्याच्याही आधी, तामिळनाडूच्या मोहम्मद रफी प्रकरणात, निरर्थक ठरवलेत.

माळरान_७७

सडेतोड दादा, राग नाही. माझ्या भावाने मारलं, खोटं बोलणार नाही. आधी त्यांनी काठ्या आणल्या होत्या हे पण खरंय, ते त्या एफआयआरमध्ये नाही. आई रोज म्हणते दवाखान्याचा खर्च आपण द्यायला हवा होता, चुलत्याने दारातून परत पाठवलं.

काळाकोट सर, मॅजिस्ट्रेट साहेबांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं वकील आहे का, मीच मागून ओरडलो आहे आहे. आता त्या आहे आहे चं वाईट वाटतं. ते दुसरं, गुपित फोडायचं, त्याचं काही सांगता का?

अ‍ॅड_काळाकोट

हो ते राहिलंच. भावाने वकिलाला वकील म्हणून जे सांगितलं ते त्याच्या पोटातच राहिलं पाहिजे. साक्ष अधिनियमाचं कलम १३२, जुन्या पुराव्याच्या कायद्यातलं १२६. आणि काम संपल्यावरही हे बंधन संपत नाही, तुम्ही त्याला काढून टाकलं, भांडलात, पैसे बुडवलेत तरी नाही. झालेल्या गोष्टीबद्दल तुम्ही सांगितलं तर ते सुरक्षित, पण आता साक्षीदाराला कसं फोडू असं विचारायला गेलात तर त्याला हे संरक्षण नाही, तेवढा फरक लक्षात ठेवा. शिवाय ज्याने एका पक्षाला त्याच प्रकरणात सल्ला दिला तो समोरच्या पक्षाचं काम घेऊ शकत नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे.

चहाचं म्हणाल तर चहा आम्ही सगळेच एकत्र पितो. दिवसभर ज्याच्याशी भांडलो त्याच्याच गाडीवर मागे बसून घरी गेलोय मी. त्यावरून अंदाज बांधू नका. बहुतेक वकील हे पाळतात, कारण एकदा तोंड फुटलं की त्या तालुक्यात दुसरा पक्षकार येत नाही.

नक्कल_अर्ज

आणि तक्रार करायची तर ग्राहक मंचात का नाही जायचं? फी घेतली, सेवा दिली नाही.

घाटावरची

ग्राहक मंचाचं दार बंद झालं, मे २०२४ मध्ये. वकिली ग्राहक कायद्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. डॉक्टर येतात, वकील नाहीत, कोण ठरवतं ते विचारू नका 😀 आता राहिलं महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल, ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५. समज, निलंबन, नाहीतर सनदच रद्द, तीन शिक्षा. एका वर्षात निकाल लागला पाहिजे असं कायद्यात आहे, नाही लागला तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. माझ्या नणंदेने केली होती, जमिनीच्या दाव्यात वकील सलग गैरहजर म्हणून. तक्रारीची नोटीस गेल्याबरोबर फाईल रिक्षातून घरपोच आली. तक्रारीचं पुढे काय झालं तिने विचारलं पण नाही.

मुन्शी_तात्या

रिक्षातून आली म्हणजे वकील घाबरला म्हणायचं. पण माळरान, आत्ता ही तक्रार बिक्रार करू नका. आठ दिवस आहेत हातात. आधी भाऊ, मग भांडण. वकिलाला फक्त एक साधं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा, आम्ही दुसरा वकील नेमतोय, कागद परत द्या. शिव्या नको, हिशोब नको. आणि नवीन वकीलपत्रावर भावाची सही जेलमध्ये जाऊन घ्यायची, जेलरचा सहीशिक्का लागतो, त्याला एक दिवस जातो कधी कधी दोन. शुक्रवारी गेलात तर सोमवार उजाडतो. गुरुवारी जा.

माळरान_७७

तात्या सर, घाटावरची ताई, मनापासून आभार. उद्या रजा टाकलीय, पहाटेच्या एसटीने निघतो.

माळरान_७७

अपडेट देतो, बरेच जण मेसेज करून विचारत होते.

गुरुवारी लोकअभिरक्षक कार्यालयात गेलो. एक मॅडम होत्या, सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला पहिला रिमांड कधीचा. मला रडूच आलं, म्हटलं १२ जून, ९ ला नव्वद. त्या हसल्या, म्हणाल्या तुम्हाला कुणी शिकवलं. त्याच दिवशी जेलमधून सही झाली. एनओसीचं मी विचारलं तर म्हणाल्या ते माझ्यावर सोडा. १० तारखेला सकाळी अर्ज गेला, सव्वा अकराची वेळ पडली अर्जावर. चार्जशीट आलं नव्हतं. सरकारी वकिलांनी मुदत मागितली पण या कलमांत पोलिसांना मुदत वाढवून मागायची सोयच नाही असं मॅडमनी सांगितलं. चार वाजता आदेश झाला, जामीन मंजूर. चार्जशीट ११ ला दुपारी आलं, एक दिवसाने.

आधीच्या वकिलाने त्याच संध्याकाळी फोन केला, स्वतःहून, अडीच महिन्यांत पहिल्यांदा. अभिनंदन म्हणाला. मग म्हणाला माझ्याच अर्जाच्या पुण्याईने झालं, बाकीचं कधी पाठवताय. मी १० हजार पाठवले. तात्या, तुमच्यासाठी पाठवले असं समजा.

पण भाऊ अजून आतच आहे. ५० हजाराचा जामीनदार मागितलाय आणि गावातला जामीनदार म्हटलं की सातबारा लागतो. आमचा सातबारा सामाईक आहे, त्यावर वडिलांच्या नावाखाली चुलत्यांचंच नाव आहे. तोच बांध. मामा तयार आहे पण त्याच्या उताऱ्यावर सोसायटीचा बोजा. पगारावर जामीनदार चालतो का? कंपनीतला मित्र तयार आहे.

अ‍ॅड_काळाकोट

चालतो. पगारपत्रक, कंपनीचं ओळखपत्र, आधार, राहण्याचा पुरावा, दोन फोटो, आणि मित्राला स्वतः कोर्टात यावं लागेल, रजा टाकायला सांगा. नाही जमलं तर मॅडमना म्हणा तात्पुरता रोख जामीन भरायची परवानगी मागा, जामीनदार द्यायला मुदत घ्या. हे पण आजच, उद्या शनिवार आहे.

मुन्शी_तात्या

दहा हजार पोचले 🙏 मित्राला सकाळी साडेदहाला कोर्टात उभं करा. आणि पगारपत्रकाच्या झेरॉक्स तीन काढा, दोन पुरत नाहीत कधी.